करवलीचा दिवा आणि सॅनिटायझरची कॅन

हर्षदरावांनी सॅनिटायझरची बाटली सांडशीत धरून गाडीतून बाहेर आणली, तेव्हा अंगणात भर दुपारचं ऊन होतं आणि आम्ही बायका ओसरीवर हळदीची ताटं पुसत बसलो होतो. एका हातात सांडशी, दुसऱ्या हातात ओला टॉवेल, डोळ्यांवर काळा गॉगल. बाटली केवढी, तर लहान मुलाच्या मुठीत मावेल एवढी.

"मागे व्हा सगळे!" ते ओरडले.

आम्ही मागे झालो. जावई ओरडले की मागे व्हायचं, एवढं मला कळत होतं. हर्षदरावांनी बाटली अलगद नेली आणि रसासाठी आंबे भिजत घातलेल्या बादलीत सोडली. मग कपाळावरचा घाम पुसला आणि त्यांच्या आईकडे पाहिलं. त्यांच्या आईला सगळे माई म्हणतात; 'आई' ते मला म्हणतात. माईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"काय झालं हो?" मी विचारलं.

"आई, तुम्ही तो व्हिडिओ नाही पाहिला? उन्हात उभ्या गाडीत सॅनिटायझरचा आपोआप स्फोट होतो. अख्खी गाडी जळून कोळसा."

"आपोआप?"

"आपोआप."

हर्षदराव नागपूरला एका विमा कंपनीत नोकरीला आहेत. लोकांच्या गाड्या कशाने जळल्या, हे तपासायचा त्यांना पगार मिळतो. त्यामुळे मी पुढे काही बोलले नाही. शिवाय मी पडले प्राथमिक शाळेतली रिटायर मास्तरीण, आणि त्या घरात सुनेची आई. दोन्ही पदं अशी, की ज्यांना खुर्ची मिळते पण मत विचारलं जात नाही.

कोरोनाचं दुसरं वर्ष होतं. दारव्ह्याला हर्षदरावांच्या धाकट्या भावाचं, तुषारचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं. परवानगी पंचवीस माणसांची. भटजी, फोटोवाला आणि दोन्हीकडचे आईबाप धरून पंचवीस. सख्ख्या मावश्या घरी बसल्या होत्या आणि मोबाइलवरून रुसत होत्या. त्या पंचविसात माझा नंबर लागला तो काही मानामुळे नाही. माझी नात जुई करवली होती, दहा वर्षांची, आणि ती माझ्याशिवाय कोणाचं ऐकत नाही असा तिचा लौकिक होता. माझी लेक स्वरूपा म्हणजे त्या घरची थोरली सून. तिला दोन दिवस खाली बसायला सवड नव्हती, मग पोरीला कोण सांभाळणार?

"ही लहान बाटली काढली ते बरं केलं," मी जरा वेळाने म्हणाले. "पण मागच्या सीटखाली ती पांढरी कॅन आहे ना, पाच लिटरची?"

"ती पाहुण्यांसाठी आहे. हॉलवर सॅनिटायझर कंपल्सरी आहे, आई."

"हो, पण ती गाडीतच आहे."

"ती सीलबंद कॅन आहे."

"सील आहे अजून?"

"सकाळी फोडलं ना, स्प्रेच्या बाटल्या भरायला." मग माझ्या तोंडाकडे बघून ते हसले. "काळजी करू नका. झाकण मुद्दाम सैल ठेवलंय. आत प्रेशर व्हायला नको म्हणून. आणि ऊन लागू नये म्हणून वरून ब्लँकेट टाकलंय."

मी शांतपणे ताट पुसत राहिले. वर्गात एखादं पोर सात गुणिले आठ चोपन्न म्हणालं, तर मी कधी छडी उगारली नाही. विचारायची, "बरं, कसे आले चोपन्न?" तसंच विचारलं.

"हर्षदराव, झाकण सैल म्हणजे आतली वाफ कुठे जाईल?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठे? काचा तर बंद आहेत."

"आई," ते फार प्रेमाने म्हणाले, "ही चौथीची परिसर अभ्यासाची शाळा नाही हो."

माईंनी मुलाकडे कौतुकाने पाहिलं. स्वरूपाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ कळायला मला शाळेत जावं लागलं नाही. 'आई, उद्या तू निघून जाशील, मला इथेच राहायचंय.'

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी आणि जुई गाडीजवळ गेलो. दरवाजा उघडला तसा वासाचा लोट अंगावर आला. दवाखान्यात सुई टोचायच्या आधी कापसाला येतो तसा. जुईने नाक दाबलं.

"दाबू नकोस. आधी नीट घे वास," मी म्हणाले. "आता सांग, सॅनिटायझर कुठे आहे?"

"कॅनमध्ये."

"मग तुझ्या नाकाला कसं कळलं?"

ती विचारात पडली. पोर विचारात पडलं की मी घाई करत नाही. तेवढ्यासाठी तर मी जन्मभर शाळेत गेले.

"म्हणजे थोडं हवेत पण आहे," ती म्हणाली.

"शाबास. आता हात पुढे कर."

तिच्या तळव्यावर मी दोन थेंब टाकले.

"थंड लागलं!"

"आणि आता?"

"गेलं. उडून गेलं."

"हातावर एवढ्या लवकर उडतं, तर तव्यासारख्या तापलेल्या गाडीत किती उडेल? म्हणून झाकण कसं ठेवायचं?"

"घट्ट."

"आणि कॅन कुठे ठेवायची?"

"गाडीत नाहीच ठेवायची. सावलीत. घरात."

"आणि लहान बाटली लागलीच गाडीत, तर?"

तिने जरा डोकं खाजवलं. "समोर काचेपाशी उन्हात नाही. आणि उतरताना आपल्याबरोबर पर्समध्ये."

"आणि काठोकाठ भरून नाही. तापलं की फुगतं ते."

"पण आजी, बाबा म्हणतात तसं आपोआप पेटतं का?"

"नाही गं. गाडी कितीही तापली तरी नुसत्या उन्हाने ते पेटत नाही. कोणीतरी काडी लावावी लागते, सिगरेट ओढावी लागते." मग माझ्याच्याने राहवलं नाही. "आणि त्या कामाला आपल्याकडे माणसं कधी कमी पडत नाहीत."

आम्ही दोघींनी मिळून कॅन उचलली. तिचं अंग अजून गरम होतं. झाकण घट्ट लावलं, मागच्या मोरीच्या गार फरशीवर कॅन नेऊन ठेवली आणि गाडीच्या काचा अर्ध्या खाली केल्या. माझ्या हिशेबी विषय संपला होता.

सकाळी उठून पाहते तर मोरीत कॅन नाही.

हर्षदरावांना ती पहाटे अंघोळीच्या वेळी सापडली होती. "हॉलवर न्यायची वस्तू मोरीत कोणी ठेवली?" असं म्हणत त्यांनी ती पुन्हा जागच्या जागी नेली. झाकण पुन्हा सैल केलं. ब्लँकेट पुन्हा घातलं. काचा वर केल्या, कारण फुलवाला आला होता. त्याने गाडीवर झेंडू आणि शेवंतीच्या माळा अशा आडव्या-उभ्या चिकटवल्या, की एकही दार उघडायची सोय राहिली नाही. "निघेपर्यंत गाडीला कोणी हात लावायचा नाही," हर्षदरावांनी जाहीर केलं. निंबाच्या सावलीत हळदीचा मांडव होता. गाडी उभी राहिली उन्हात, फोटो चांगले येतात म्हणून.

मला हे कळलं तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. कॅन पाहुण्यांच्या सामानात असेल असं मी समजून चालले होते. जुईच्या केसात गजरा माळता माळता मी विचारलं, "हर्षदराव, कॅन हॉलवर पोचली का?"

"गाडीत आहे. आमच्यासोबतच येईल."

गजरा माझ्या हातातच राहिला.

त्या गाडीत कोण कोण बसणार ते मला पाठ होतं. चालवणार हर्षदराव. पुढे माई. मागे तुषार आणि त्याच्या शेजारी करवली, हातात दिवा घेऊन.

गावंड्यांच्या, म्हणजे हर्षदरावांच्या घरची ती रीत आहे. देवापुढे लावलेला दिवा करवलीने ताटात घ्यायचा आणि नवरदेवासोबत लग्नाच्या मांडवापर्यंत पेटता न्यायचा. वाटेत विझता कामा नये. पूर्वी पायी जात, तेव्हा पदराचा आडोसा करत. आता गाडी. त्यावर हर्षदरावांनी आदल्या रात्रीच तोडगा सांगितला होता. "काचा बंद, एसी बंद. वाऱ्याची झुळूकही लागणार नाही, माई. एकदम सेफ." काचेची चिमणी लावा असं स्वरूपाने सुचवलं होतं. "दिवा झाकत नसतात," माई म्हणाल्या, आणि तो विषय तिथेच संपला होता.

मी तडक अंगणात गेले. माई तुषारच्या फेट्याचा तुरा सारखा करत होत्या.

"माई, एक सांगायचं होतं. गाडीत सॅनिटायझरची वाफ भरली असेल. पेटता दिवा आत न्यायला नको. आधी दारं उघडून हवा जाऊ दे, कॅन बाहेर काढू दे."

"विहीणबाई, मुहूर्त बारा पस्तीसचा आहे."

"पाच-दहा मिनिटं लागतील."

"काहून असं करून राहिले तुम्ही? शुभ कामाला निघताना पेटण्याबिटण्याच्या गोष्टी?" त्यांनी हाक मारली, "हर्षद! अरे, काय म्हणून राहिल्या या?"

हर्षदराव आले. त्यांनी किल्लीने माळेचा चिकटलेला टेप कापला आणि मागचं दार उघडलं. माझ्या तोंडावर जाड मास्क, त्यावर आणखी कापडी मास्क, तरी तो वास आत आला. डोळे चुरचुरले.

"येतो ना वास?" मी म्हणाले.

"येणारच. सॅनिटायझर आहे ते. उलट गाडी आतून सॅनिटाइज झाली की!" आणि ते फोटोवाल्याकडे बघून हसले. "आमच्या सासूबाई सायन्सच्या आहेत."

"हर्षदराव, दिवा तरी घरी राहू द्या. हॉलवर दुसरा लावा."

आता माईंचा आवाज चढला. "विहीणबाई, आमच्या चार पिढ्यांचा दिवा असा गेलाय. तुमच्या घरची रीत तुम्ही तुमच्या घरी पाळा. बाजूला व्हा."

स्वरूपाने माझा दंड धरला. "आई, प्लीज. सगळे बघताहेत."

मी बाजूला झाले नाही. झाले ती फक्त जुईच्या मागे. ती ताट घेऊन आली होती. जरीचं परकर-पोलकं, नाकात चापाची नथ, मास्क काढलेला, कारण फोटो. ताटात हळदकुंकू, सुपारी, आणि मधोमध तेलाचा दिवा. ज्योत उन्हात जेमतेम दिसत होती. दाराशी येताच तिचं नाक हललं. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या परकराचा काठ मागून घट्ट धरला.

"जुई, बस बेटा आत," हर्षदराव म्हणाले.

"बाबा, वास येतोय."

"बस म्हटलं ना."

"हर्षद, लिंबू!" माई पुढून ओरडल्या. चाकाखाली लिंबू ठेवायचं राहिलं होतं. हर्षदराव पुढे धावले. तुषार वाकून बघू लागला, फोटोवाल्याने कॅमेरा चाकाकडे वळवला, स्वरूपा लिंबू आणायला पळाली. मुंबईहून व्हिडिओ कॉलवर आलेली मावशीसुद्धा "लिंबू दाखवा, लिंबू दाखवा" म्हणत होती. पंचविसातले जेवढे म्हणून तिथे हजर होते, तेवढे सगळे एका लिंबाकडे बघत होते.

जुईचा एक पाय गाडीच्या उंबऱ्यावर होता.

आणि दिवा विझला. वातीतून धुराची एक बारीक रेघ वर गेली.

माई वळल्या. आधी त्यांना ताट दिसलं, मग धूर, मग पोर.

"कोणी विझवला?"

अंगणात असं शांत झालं, की व्हिडिओ कॉलवरच्या मावशीचा पंखा ऐकू येत होता.

"मी," मी म्हणाले. "मी विझवला."

पुढे काय झालं ते सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. एवढंच सांगते, की माझं माहेर, सासर, शाळा आणि मी शिकवलेल्या पोरांच्या सगळ्या पिढ्या यांचा त्या अंगणात उद्धार झाला. तुषारने बिचाऱ्याने "जाऊ दे ना माई" म्हणून पाहिलं, तर त्याला "तू बाशिंग सांभाळ" असं ऐकावं लागलं. स्वरूपा रडत होती. हर्षदराव माझ्याकडे असे बघत होते, जसे खोटा दावा घेऊन आलेल्या माणसाकडे बघत असतील.

"या हॉलवर येणार नाहीत," माईंनी शेवटी सांगितलं. "आणि त्या गाडीत माझा पोरगा बसणार नाही. अपशकुन झाला तिला. मनोहरचा ऑटो बोलवा!"

माझ्या सांगण्याने जी गाडी पाच मिनिटं थांबली नसती, ती अपशकुनाने कायमची थांबली. इतक्या वर्षांच्या नोकरीत विज्ञानाला अशी मदत मी दुसरीकडून मिळालेली पाहिली नव्हती.

दिवा देवघरातून पुन्हा लावून आणला. नवरदेव, माई आणि करवली शेजारच्या मनोहरच्या उघड्या ऑटोत बसले. रस्त्यात वाऱ्याने दिवा दोनदा विझला आणि मनोहरच्या आगपेटीने दोनदा लावला, असं मला नंतर कळलं. ते विझणं कोणी धरलं नाही. वारा सुनेची आई नव्हता.

बाकीचे दुसऱ्या गाडीने गेले. अंगणात उरलो आम्ही दोघं, मी आणि हर्षदराव. आणि माळा घातलेली ती गाडी.

"समाधान झालं, आई?" ते म्हणाले. "नवी गाडी माझी. अजून तिचा दुसरा हप्ता गेला नाही, आणि अपशकुनी ठरली."

मी चारी दारं उघडली. कॅन ओढून काढली. ती तापून मऊ पडून एका अंगाला कलंडली होती आणि सैल झाकणातून अर्धंअधिक सॅनिटायझर ब्लँकेटमध्ये मुरलं होतं. ब्लँकेट मी अंगणाच्या पार टोकाला नेलं, दगडी भिंतीपाशी, गाडीपासून आणि मांडवापासून लांब. त्याचा हातभर कोपरा कात्रीने कापून बाकीचं दुसरीकडे ठेवलं. तो तुकडा दगडावर टाकला. हात धुतले, पुसले, कोरडे झाले का ते पाहिलं.

"काय करताय?"

"चौथीची शाळा घेतेय. लांब उभे राहा." लांब काठीला पेटती वात बांधून मी ती पुढे केली.

भप्प असा आवाज झाला. आणि मग काहीच नाही. तुकडा होता तसा दगडावर पडलेला. ऊन तसंच.

"बघा," हर्षदराव म्हणाले, "काही झालं का? उगाच तुम्ही..." आणि ते तुकडा उचलायला पुढे झाले.

"हर्षदराव!"

हात पोचायच्या आधीच त्यांनी तो झटकन मागे घेतला. मनगटावरचे केस जळल्याचा वास आला. तुकडा पेटलेला होता. सॅनिटायझरची ज्योत एवढी फिकी असते, की दुपारच्या उन्हात दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की कापड कडेने काळं होत आत आत सरकतंय.

ते बघत राहिले. तुकड्याची राख झाली तरी बघत राहिले. मग गाडीकडे गेले आणि मागच्या सीटपाशी उभे राहिले, जिथे त्यांची मुलगी ताट घेऊन बसली असती. काचा बंद. एसी बंद. त्यांनी सीटवर हात ठेवला.

"आई," ते म्हणाले. "माईला हे सांगू नका."

"बरं," मी म्हणाले.

ते गेले, चारी काचा खाली करून. मी कॅनचं झाकण घट्ट लावलं, कॅन मोरीत ठेवली, मोरीच्या दाराला बाहेरून कडी घातली आणि लग्न मोबाइलवर पाहिलं. नेट सारखं अडकत होतं. मंगलाष्टकं मला अर्धीच मिळाली.

संध्याकाळी जुई आली ती थेट माझ्या कुशीत. नथ हातात, गजरा वाळलेला.

"आजी, तू खोटं बोललीस."

"कधी?"

"तू दिवा विझवलास म्हणालीस. फुंकर तर मी मारली. तू विझवूच शकत नव्हतीस. तुझ्या तोंडावर दोन मास्क होते!"

मला इतकं हसू आलं, की डोळ्यांत पाणी आलं. विम्याचे दावे तपासणारा माणूस तिथे होता, फोटोवाला होता, चार पिढ्यांची रीत पाठ असलेल्या माई होत्या. आणि दोन मास्क लावलेली बाई दिव्यावर फुंकर कशी मारेल, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. आलं ते दहा वर्षांच्या पोरीच्या.

"का मारलीस फुंकर?"

"वास येत होता. म्हणजे ते हवेत होतं. आणि बाबा ऐकत नव्हते." तिने माझ्या पदराशी चाळा केला. "मी माईआजीला सांगू का, मी विझवला म्हणून?"

"नाही."

"का? चांगलंच केलं ना मी?"

"फार चांगलं केलंस. पण तुला या घरात अजून पुष्कळ लग्नं बघायची आहेत. माझी बघून झाली."

आयुष्यभर मी पोरांच्या वह्यांवर लाल शाईने शेरे लिहिले, पण कोणाचं श्रेय कधी घेतलं नाही. घेतलं ते फक्त त्या दिवशी, आणि तेही माझ्या सर्वांत हुशार विद्यार्थिनीचं.

त्यानंतर गावंड्यांच्या घरात जे जे बिघडलं ते माझ्या फुंकरीने बिघडलं. तुषारची बदली गडचिरोलीला झाली, फुंकर. नव्या सुनेचा पाय मुरगळला, फुंकर. बोअरवेलची मोटर जळली तेव्हाही माईंचा स्वरूपाला फोन आला होता, "तुझ्या आईला विचार, आता तरी समाधान झालं का." स्वरूपा मला कधी बोलली नाही. पण माझ्याकडे येणं तिने कमी केलं. कारण विचारलं की म्हणायची, "कामं असतात गं." हर्षदराव मात्र दर उन्हाळ्यात फोन करायचे. "आई, गाडीत बाटली ठेवू नका हां. ठेवलीत तर सावलीत, झाकण घट्ट. उतरताना बरोबर घ्या." मला. मी "हो" म्हणायची. माझ्याकडे गाडी नाही.

परवाच्या मे महिन्यात माई नागपूरला आल्या होत्या, मीही गेले होते. जुई आता दहावीत आहे. रसाचं जेवण झालं, सगळे पंख्याखाली बसलो होतो. तुषारचा फोन येऊन गेला होता, नवराबायकोचं काहीतरी बिनसलं होतं. माईंनी सुस्कारा टाकला आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "निघतानाच दिवा गेला, तिथे संसारात उजेड कुठून येईल?"

स्वरूपा उठून आत निघाली. तिच्या खांद्यांकडे मी पाहिलं आणि मला कळलं, की मी जे पोरीच्या अंगावरून काढून स्वतःवर घेतलं होतं, ते सगळं माझ्यापाशी थांबलंच नव्हतं. रोज थोडं थोडं माझ्या लेकीला मिळत होतं. हे गणित माझं साफ चुकलं होतं.

"माईआजी, तो दिवा मी विझवला होता," जुई म्हणाली.

मी तिला डोळ्यांनी दटावलं. तिने पाहिलंच नाही.

माई हसल्या. "बघा, आजीला वाचवून राहिली."

"नाही. खरंच मीच फुंकर मारली. आजीच्या तोंडावर मास्क होता. तुमच्याकडे व्हिडिओ आहे ना लग्नाचा? त्यात बघा."

माईंचं हसू थांबलं. "काहून मारली?"

"गाडी पेटली असती म्हणून. बाबांना विचारा."

सगळ्यांनी हर्षदरावांकडे पाहिलं. त्यांच्या हातात बडीशेपेची वाटी होती. ती त्यांनी खाली ठेवली, पुन्हा उचलली. मला वाटलं, आता ते म्हणतील, जुनं झालं, जाऊ दे. स्वरूपा दारात थांबली होती. ती नवऱ्याकडे बघत होती.

"माई," ते म्हणाले, "झाकण मी सैल ठेवलं होतं. जुईने फुंकर मारली नसती तर... मी नंतर पाहिलं. आईंनी पेटवून दाखवलं. पोरगी गेली असती माई. तुषारही. आणि तू. मीही."

पंखा फिरत होता. माईंनी नातीकडे पाहिलं. मग त्यांनी हात पुढे केला, तिला जवळ ओढलं आणि तिच्या तोंडावरून, केसांवरून हात फिरवत राहिल्या.

माफी मागतील अशी माझी अपेक्षा नव्हती. विहिणीची माफी मागायची पद्धत त्यांच्याकडे चार पिढ्यांत नाही.

"तरी पण," त्या शेवटी म्हणाल्या, डोळे पुसत, "दिव्यावर फुंकर मारत नसतात, जुई. फूल टेकवून शांत करायचा असतो. एवढं कोणी शिकवलं नाही का तुला?"

जुईने माझ्याकडे पाहिलं.

"ऐक, बेटा," मी म्हणाले. "माईआजी बरोबर सांगताहेत."

स्वरूपा आत गेली नाही. ती येऊन माझ्या शेजारी बसली, लहानपणी बसायची तशी, अगदी चिकटून. आणि मग माईंनी आपल्या नातीला दिवा शांत कसा करायचा हे पहिल्यापासून शिकवायला घेतलं, आणि मी, जन्मभराची मास्तरीण, एकदाही मधे बोलले नाही.